मागचे दोन टायर

डॉक्टर: नाही, म्हणजे, तुम्ही तिला ते टायर विकू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

टायरवाला: दुकान टायरचं आहे हो. विकू नको तर काय करू, झोपाळे बांधू? आणि ‘ती’ म्हणजे कोण ते तर सांगा आधी.

डॉक्टर: ती... बंदरावर क्रेन चालवते ती. तुमची... म्हणजे तुमच्या पूर्वीच्या पत्नी.

टायरवाला: हां हां. म्हणजे तुम्ही दातांचे डॉक्टर. पुढच्या महिन्यात लग्न आहे ते.

डॉक्टर: तुम्हाला माहीत आहे?

टायरवाला: तिनंच फोन करून सांगितलं. म्हणाली, दाढ दाखवायला गेले आणि अडकले. बसा ना. तिथं नको, त्या स्टुलाचा पाय गेलाय. इकडं या, टायरवर बसा.

डॉक्टर: टायरवर?

टायरवाला: नवा आहे. पँट काळी होणार नाही. फारशी. आणि असं अडखळत बोलू नका, मी काही मारणार नाही तुम्हाला. आमचं रीतसर, हसतखेळत मोडलंय.

डॉक्टर: अडखळतोय ते भीतीनं नाही. जिभेला टाके आहेत.

टायरवाला: जिभेला?

डॉक्टर: गाडी फिरली तेव्हा चावली.

टायरवाला: दातांच्या डॉक्टरनं जीभ चावली?

डॉक्टर: हसा, हसा. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीत बसून वर्गमित्राकडून टाके घालून घेतले. तोही हसत होता. सुई हलत होती त्याच्या हातात.

टायरवाला: बरं बरं, नाही हसत. पण गाडी फिरली म्हणजे काय? नीट सांगा. कुठली, तीच ना? दोन दारांची, करडी?

डॉक्टर: तीच. तुम्ही दोघांनी मिळून बांधलेली. रविवारी सकाळी बायपासवरनं येत होतो. रस्ता रिकामा, कोरडा ठणठणीत. ती म्हणाली, जरा दाबते हं. मी म्हटलं, दाब. मला काय ठाऊक दाबणं म्हणजे काय! तिनं पाय दाबला, इंजिन ओरडलं, आणि गाडीची मागची बाजू पुढं आली. मला काचेतून पूल दिसला, मग नाला, मग परत तोच पूल. थांबलो तेव्हा आमचं तोंड आलो त्या दिशेला.

टायरवाला: कुणाला लागलं?

डॉक्टर: कुणाला नाही. पुढं-मागं कुणी नव्हतंच. रस्त्याकडेची एक पाटी वाकली, तेवढंच.

टायरवाला: आणि तिला?

डॉक्टर: काही नाही. तिनं इंजिन बंद केलं, हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून मला विचारलं, “लागलं का रे?” मी तोंडावर रुमाल धरून नुसती मान हलवली. रुमाल लाल होत चालला होता, तो तिला दिसू दिला नाही. तिनं मला घरी सोडलं. अगदी हळू चालवत आणलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

टायरवाला: रविवारपासून? भांडलात?

डॉक्टर: छे. जीभ सुजली होती, बोलणार कसा?

टायरवाला: लिहिता येतं की फोनवर.

डॉक्टर: काय लिहू? दंतवैद्यानं जीभ चावली म्हणून? लाज वाटली मला. मी लिहिलं, “बरा आहे. जरा कामात आहे.”

टायरवाला: अरे देवा! असं लिहिलंत? अहो, बाजूला बसवून ज्या माणसाला भिंगरीसारखं फिरवलं, तो “कामात आहे” म्हणतो. तिनं काय समजायचं?

डॉक्टर: काय समजायचं?

टायरवाला: राहू दे. टायरचं बोला. कुठले विकू नकोत?

डॉक्टर: ते शर्यतीचे असतात ना, चिकट. महिनाभर तिच्या डोक्यात तेच आहे. म्हणजे सध्या गाडी जेवढी पळते त्याहून जास्त पळणार. आत्ताच ही अवस्था, मग तेव्हा काय होईल? मी तिला नाही म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणा. दुकानात नाहीत म्हणून सांगा.

टायरवाला: मी नाही म्हटलं तर ती दुसरीकडनं घेईल, आणि तिथला माणूस तिला काहीही गळ्यात मारेल. डॉक्टर, एक सांगा. दात उपटताना इजा कधी होते? जोर लावल्यावर?

डॉक्टर: नाही. जोर तर लागतोच. चिमटा निसटला तर होते. पकड सुटली की मग गाल, हिरडी, काय सापडेल ते.

टायरवाला: झालं तर. गाडीचं तेच. त्या इंजिनाचा जोर आठशे घोड्यांचा. दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेला तिनं. आणि मागं टायर कसले? पहिल्या दिवशी होते तसलेच, साधे. कडक रबर, वर्षानुवर्षं न झिजणारं. जोर आला, रबर निसटलं, गाडी फिरली. वेगानं नाही फिरली. या, उठा, बोट द्या इकडं. हा साधा टायर. नख रुतवा. रुततं?

डॉक्टर: नाही.

टायरवाला: आता हा.

डॉक्टर: रुततंय! लोण्यासारखं नाही, पण... हिरडीसारखं आहे.

टायरवाला: हिरडी तुम्ही जाणो. ह्याला ड्रॅग रेडियल म्हणतात. सरळ पट्टीवरच्या शर्यतीसाठी केलेला, पण रस्त्यावर चालवायला परवानगी असलेला. गरम झाला की आणखी मऊ होतो आणि रस्ता धरून ठेवतो. मागं दोनच लागतात, कारण ही गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाते. कोरड्या रस्त्यावर हे असते तर रविवारी तुमची जीभ शाबूत राहिली असती.

डॉक्टर: मग तोटा काय? काहीतरी असेलच.

टायरवाला: हे बरं विचारलंत. झिजतो. खोडरबर झिजतं तसा. थंडीत दगड होतो. आणि ओल्या रस्त्यावर साबण. ह्याला खाचा कमी, पाणी बाहेर फेकायला जागाच नाही.

डॉक्टर: म्हणजे धोका आहेच.

टायरवाला: आहेच. आठशे घोडे दारात बांधल्यावर धोका नाही कसं म्हणू? पण कुठं आहे ते ठाऊक आहे. रविवारी तुम्हा दोघांना ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टर: एक विचारू? तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर.

टायरवाला: विचारा. वाईट वाटलं तर वाटलं.

डॉक्टर: तुमचं दोघांचं ह्या गाडीपायीच फिसकटलं का?

टायरवाला: उलट आहे. गाडीपायी टिकलो तेवढे टिकलो. आठ वर्षं आम्ही ती बांधत होतो. जेवताना गिअर, झोपताना पिस्टन. मग एक दिवस गाडी पूर्ण झाली. चहा घेऊन समोरासमोर बसलो, आणि दोघांनाही कळेना, आता बोलायचं काय. माणूस वाईट नाही हो ती. मीही नाही. विषय संपला, एवढंच.

डॉक्टर: आणि तिला कधी भीती वाटते का? मला कळतच नाही. चेहरा असा शांत असतो.

टायरवाला: रोज वाटते. क्रेनची शिडी चढताना दर सकाळी हात गार पडतात तिचे. म्हणून तर इतकी वर्षं कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही. ज्याला वाटत नाही त्याच्या गाडीत बसू नका... ऐका. ऐकलंत?

डॉक्टर: काय?

टायरवाला: हा घुमारा. आलीच ती.

डॉक्टर: इथं? आत्ता? मागं दार आहे का हो?

टायरवाला: आहे. पण त्याच्यापुढं छतापर्यंत ट्रकचे टायर रचलेत. बसा आता गप.

क्रेनवाली: शेठ! ए टायरशेठ! आहेस का आत? अं... डॉक्टर? तू इथं काय करतोयस?

डॉक्टर: मी... सहज.

क्रेनवाली: सहज. टायरच्या दुकानात, टायरवर बसून. बरं झालं पण. दोघं समोर आहात तर एकदाच सांगते. शेठ, इंजिनाची हवा काढून टाक.

टायरवाला: म्हणजे?

क्रेनवाली: म्हणजे टर्बो उतरव, नाहीतर त्याची फुंकर कमी कर, काय करायचं ते कर. अडीचशे-तीनशे घोडे उरले तरी पुरे. आणि ते शर्यतीचे नकोत, मागं साधेच टायर राहू दे. घरगुती. भाजी आणायला जातात तसले.

टायरवाला: भाजी आणायला जातात तसले!

क्रेनवाली: ऐकू आलं ना? मग परत कशाला म्हणतोस? मी चाळीस टनांचा डबा माणसांच्या डोक्यावरनं नेते, बोटभर इकडंतिकडं होऊ देत नाही. आणि ज्याच्याशी लग्न करायचं त्याला बाजूला बसवून गरगर फिरवलं. तो त्या दिवसापासून कामात आहे. घाबरवलं मी त्याला. बोलवतसुद्धा नाही त्याच्यानं माझ्याशी. नको मला गाडी तसली.

डॉक्टर: अगं, पण...

क्रेनवाली: नाही, तू काही बोलू नकोस. मनात असेल ते सरळ सांगितलं असतंस तर चाललं असतं मला. भांडला असतास तरी चाललं असतं. “कामात आहे” काय? ग्राहकाला सांगतात तसं?

टायरवाला: डॉक्टर, आ करा.

डॉक्टर: काय?

टायरवाला: आ करा, आ. जीभ बाहेर काढा. दाखवा तिला.

डॉक्टर: आऽऽ.

क्रेनवाली: हे काय... हे टाके आहेत? जिभेला? हे कधी झालं?

टायरवाला: रविवारी. पूल आणि नाल्याच्या मध्ये कुठंतरी.

क्रेनवाली: तू जीभ चावलीस?

डॉक्टर: हं.

क्रेनवाली: तू? लोकांना दिवसभर सांगतोस, तोंड उघडं ठेवा, जीभ सांभाळा... तू?

डॉक्टर: म्हणूनच सांगितलं नाही. हसू नकोस.

क्रेनवाली: मी कुठं हसतेय!

डॉक्टर: हसतेयस. आणि डोळे पण पुसतेयस.

क्रेनवाली: धूळ आहे ह्याच्या दुकानात. अरे गाढवा, मला वाटलं तू लग्न मोडतोयस! वर केबिनमध्ये बसून आईला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते मी. खालचा मुकादम ओरडतोय, डबा सोड, डबा सोड, आणि मी डबा तसाच टांगून आपली वाक्यं जुळवतेय.

डॉक्टर: मोडत नाही. घाबरलो होतो, ते खरं. अजून घाबरलेलोच आहे. पण गाडीला. तुला नाही.

क्रेनवाली: मग तर ठरलंच. शेठ, घरगुती टायर.

डॉक्टर: नाही! साधे नकोत.

क्रेनवाली: काय म्हणालास?

डॉक्टर: साधे टायर कडक असतात. नख रुतत नाही त्यात. तू आता घोडे कमी करशील, दोन महिन्यांनी परत वाढवशील, मी ओळखतो तुला. आणि टायर तेच राहतील. पकड सुटली की इजा होते, जोरानं नाही. तुला ड्रॅग रेडियलच हवेत.

क्रेनवाली: शेठ, ह्याला काय पाजलंस?

टायरवाला: मी काही नाही केलं. मला टायर विकू नका म्हणून सांगायला आले होते ते.

क्रेनवाली: हो का रे?

डॉक्टर: ते अर्ध्या तासापूर्वी. तेव्हा मला माहीत नव्हतं.

टायरवाला: हुशार आहे माणूस. मला हे समजायला दोन क्लच जळावे लागले. बरं, आता दोघांचं एकमत झालं असेल तर टायर निवडू. बाई, तुझ्या मनात कुठला होता?

क्रेनवाली: खरं सांगू? तो कोपऱ्यातला. गुळगुळीत.

टायरवाला: वाटलंच. डॉक्टर, बघा. ह्याच्यावर दोनच रेघा आहेत, त्याही पोलिसांच्या समाधानासाठी. पट्टीवर ह्याच्यासारखा दुसरा नाही. पण बाई, तू गाडी पट्टीवर ट्रकमध्ये घालून नेणार आहेस का?

क्रेनवाली: चालवत नेणार. चालवतच आणणार. त्याशिवाय गंमत काय?

टायरवाला: मग येताना एक सर आली की संपलं. हा मधला घे. खाचा बऱ्यापैकी आहेत, रबर तितकंच मऊ. वेळेत डोळ्याची पापणी लवेल तेवढा फरक पडेल. तू काय बक्षिसासाठी पळवतेस का?

क्रेनवाली: नाही. बरं, मधला. पण सगळ्यात रुंद दे. रुंद म्हणजे पकड जास्त.

टायरवाला: सगळ्यात रुंद आतल्या पत्र्याला घासेल. वळलीस की कचकन कापला जाईल. मग पकड कुठं राहिली?

क्रेनवाली: पत्रा ठोकून मागं घे.

डॉक्टर: कवळी मोठी बसवली म्हणजे जास्त चावता येतं असं नसतं गं. हिरडीला बसायला हवी.

टायरवाला: ऐक. डॉक्टर बोलले.

क्रेनवाली: तुम्ही दोघं एका बाजूला झालात की माझं काही खरं नाही. दे, एक माप कमी दे.

टायरवाला: आणि आता कान इकडं. हा टायर धरतो तेव्हा घट्ट धरतो, पण सुटला की सांगून सुटत नाही. नुसत्या शर्यतीचा असतो ना, स्लिक, एकही खाच नसलेला, त्याला घसरता घसरता सावरायची सवय असते, ह्याला नाही. सुटल्यासारखं वाटलं की पाय उचलायचा. हट्ट करायचा नाही. तुझ्या बाबतीत हे दोनदा सांगतो. हट्ट करायचा नाही.

क्रेनवाली: ऐकलं. आणि हवा?

टायरवाला: पट्टीवर कमी, म्हणजे टायर पसरून बसेल. पण निघताना परत पुरी भरायची. कमी हवेवर हमरस्त्याला लागलीस तर बगला तापून टायर फाटेल. भल्याभल्यांना हे आठवत नाही. शर्यत झाली की सगळे खुशीत असतात, आणि निघतात तसेच.

डॉक्टर: हवा मी भरीन. ते माझ्याकडं. मला एक ते मोजायचं यंत्र द्या. आणि पाऊस दिसला की ही गाडी घरात. तेव्हा माझी गाडी काढायची.

क्रेनवाली: तुझं ते खेळणं? घाट चढताना धापा टाकतं ते.

डॉक्टर: धापा टाकतं, पण पुढं तोंड करून टाकतं.

क्रेनवाली: बाई गं! जीभ शिवली तरी चालतेच आहे. कबूल. पावसात खेळणं. शेठ, लाव टायर.

टायरवाला: लावतो. आणि इंजिन?

क्रेनवाली: इंजिनाचं काय?

टायरवाला: हवा काढून टाकायची होती ना.

क्रेनवाली: कोण म्हणालं?

डॉक्टर: शेठ, येत्या रविवारी ही पट्टीवर जाणार आहे, तुम्हीपण या ना. मला एकट्याला बघवणार नाही.

टायरवाला: मी? मी तीन वर्षांत तिकडं फिरकलो नाही.

क्रेनवाली: ये रे. ह्याला कुणीतरी धरून ठेवायला हवं.

(रविवार सकाळ. विमानं येईनाशी झालेली एक जुनी धावपट्टी. कुंपणापाशी डॉक्टर आणि टायरवाला. दूर टोकाला करडी गाडी.)

डॉक्टर: एवढा धूर! शेठ, काहीतरी जळतंय.

टायरवाला: टायर गरम करतेय. जागेवर फिरवते, म्हणजे रबर जागं होतं. ऐका, थांबवलं बघा. शाब्बास. रेडियलला एवढंच पुरतं. जास्त तापवला तर बिघडतो. हवा किती केलीत?

डॉक्टर: तुम्ही सांगितलीत तेवढीच. दोन्हीकडं दोनदा मोजली. मग तिनं मोजली. मग परत मी. शेठ... तुम्ही डोळे मिटलेत का?

टायरवाला: मी नेहमीच मिटतो. आमच्या लग्नाच्या आधीपासून. आवाजावरनं कळतं मला सगळं.

डॉक्टर: अहो, मला आधाराला म्हणून आणलंय तुम्हाला!

टायरवाला: उभा आहे ना? मग? तुम्ही बघा आणि मला सांगा. दिवे लागले?

डॉक्टर: पिवळा लागला. दुसरा पिवळा... आई गं. हिरवा! गेली!

टायरवाला: आवाज बरोबर आहे. मागची बाजू?

डॉक्टर: मागं आहे. मागची बाजू मागंच आहे!

टायरवाला: डुलतेय का?

डॉक्टर: नाही. सरळ. रेघ मारावी तशी. केवढी लहान झाली! शेठ, निम्मी पट्टी संपली.

टायरवाला: आता तिसरा गिअर टाकेल. टाकला. धरलं! धरून आहे.

डॉक्टर: पोचली. पलीकडच्या खांबापलीकडं गेली. दिवे लाल दिसतायत मागचे. वेग कमी होतोय... थांबली. वळतेय. शेठ, ती स्वतःहून वळतेय, आरामात. परत येतेय इकडं. उघडा डोळे आता.

टायरवाला: उघडतो. जरा थांबा.

डॉक्टर: हात हलवतेय ती खिडकीतून. आपल्याला.

टायरवाला: तुम्हाला हलवतेय. हलवा तुम्हीपण.

डॉक्टर: दोघांना आहे हो. हलवा.

क्रेनवाली: अरे, काय सांगू! घसरायचं नावच नाही. पाठीला कुणी तरी तळहात लावून सरळ पुढं ढकलतंय असं वाटलं. मी आपली पाय उचलायच्या तयारीत, आणि उचलायची वेळच आली नाही. डॉक्टर, तू पांढराफटक पडलायस.

डॉक्टर: मी ठीक आहे. जीभ जागेवर आहे. दाखवू?

क्रेनवाली: नको नको, राहू दे. शेठ, तू आलास ते बरं केलंस. बघितलंस ना?

टायरवाला: ऐकलं. उत्तम ऐकलं.

क्रेनवाली: ऐकलं? म्हणजे डोळे मिटले होतेस? मला वाटायचं, मी पळवते तेव्हा तू मुद्दाम तोंड फिरवतोस. मला वाटायचं तुला आवडत नाही.

टायरवाला: आवडायचं गं. बघवायचं नाही, एवढंच.

क्रेनवाली: सांगायचं की मग.

टायरवाला: आता सांगितलं. बाजूला हो, टायर बघू दे. हे बघ, कसा एकसारखा घासलाय, काठापासून काठापर्यंत. हवा बरोबर होती. डॉक्टर, इकडं या, हात लावून बघा. जपून, भाजेल.

डॉक्टर: बाप रे! हा तर तव्यासारखा तापलाय. आता लगेच हवा भरायची ना? यंत्र काढू?

टायरवाला: इतक्यात नको. तापलेल्या टायरात हवेचं माप खोटं दिसतं.

क्रेनवाली: मग आता काय करायचं?

टायरवाला: काही नाही. बसा सगळे. गार होऊ दे.